स्वभावाला औषध असते

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण आपल्या घराघरांत रोज वापरली जाते. नवरा बायकोवर हात उगारतो, तेव्हा सासू म्हणते, त्याचा स्वभावच तापट आहे. दोन भाऊ बांधावरून भांडतात, तेव्हा शेजारी म्हणतात, भाऊबंदकी कुणाला चुकली आहे? कार्यकर्ता दुसऱ्या कार्यकर्त्याचे पाय ओढतो, तेव्हा जुनेजाणते सांगतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. विषय संपला. कुणी प्रश्न विचारायचा नाही, कुणी बदलायचे नाही.

आता या जुन्या म्हणीला नवा कोट मिळाला आहे. मोबाइलवर एखादा सुटाबुटातला माणूस येतो आणि सांगतो की पुरुष निसर्गतःच एका बाईवर थांबत नाही, बाई निसर्गतःच पैसेवाला शोधते, माणूस निसर्गतःच आपल्याच लोकांत रमतो. शेवटी तो म्हणतो, "हे सायन्स आहे." पूर्वी जे काम पूर्वजन्मीचे कर्म करत होते, ते आता जीन्स करू लागले. माल तोच, वेष्टन बदलले.

आमचा एक छोटा अभ्यासवर्ग आहे. रविवारी सायंकाळी विहारात आठ-दहा जण बसतो आणि एखादा विषय घेतो. गेले वर्षभर आम्ही उत्क्रांती मानसशास्त्र वाचत आहोत, कारण आमच्याकडे येणारी पोरे हे रील्स बघून येतात आणि तेच बोलतात. एका रविवारी बी.एस्सी. करणारा एक मुलगा म्हणाला, "दादा, पुरुषाचा मेंदूच तसा बनलाय, त्याला आपण काय करणार?" त्यावर नर्सिंग करणारी एक ताई लगेच म्हणाली, "मग आमचा मेंदू काय भाकरी थापायला बनलाय का?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही तो धरून ठेवला. आज जे मांडतो आहोत, ते त्यातूनच आले आहे.

या शास्त्राबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक गट ते जसेच्या तसे गिळतो. दुसरा गट म्हणतो, हे सगळे वर्चस्ववाद्यांचे हत्यार आहे, वाचूच नका. आम्हाला दोन्ही मान्य नाही. ज्या बाबासाहेबांनी आयुष्यभर विरोधकांचे ग्रंथ मुळापासून वाचले, त्यांचे अनुयायी पुस्तक न उघडता नाकारणार असतील, तर मग भक्तांत आणि आपल्यात फरक काय?

आधी हे शास्त्र काय म्हणते ते समजून घेऊ. चार्ल्स डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये आला. माणसाच्या उत्क्रांतीवर त्याने १८७१ मध्ये लिहिले आणि १८७२ मध्ये माणसांच्या व प्राण्यांच्या भावनांवर स्वतंत्र ग्रंथ काढला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेडा कॉस्मिडीस, जॉन टूबी, डेव्हिड बस अशा अभ्यासकांनी त्यावर एक शाखा उभी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शरीर जसे उत्क्रांतीने घडले तसेच मनही घडले. माणसाने लाखो वर्षे लहान टोळ्यांत, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून काढली. त्या जगण्यात ज्या मनोवृत्ती उपयोगी पडल्या त्या आपल्यात उतरल्या. शेती येऊन जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली. मोबाइल तर काल आला. म्हणून मन जुने आणि जग नवे, असा घोळ होतो.

रोजची उदाहरणे घ्या. गोड दिसले की हात जातो, कारण जंगलात गोड क्वचित मिळायचे आणि मिळेल तेवढे खाणे शहाणपणाचे होते. आता किराणा दुकानात दहा रुपयांना गोड मिळते आणि आपल्या वस्तीत मधुमेहाचे रुग्ण वाढतात. साप दिसला की अंगावर काटा येतो, पण हेल्मेट न घालता हायवेवर गाडी पळवताना येत नाही, कारण सापाची भीती जुनी आणि मोटारसायकल नवी. दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे हे ऐकायला कान टवकारतात, कारण टोळीत कोण कुणाशी प्रामाणिक आहे हे कळणे जीवनमरणाचे होते. रॉबिन डनबर या अभ्यासकाच्या मते माणूस साधारण १५० जणांशीच खऱ्या ओळखीचे नाते सांभाळू शकतो. आणि आपण पाच हजार फेसबुक मित्रांसमोर आपली इभ्रत सांभाळत बसतो. झोप उडणारच.

इथपर्यंत आमचे भांडण नाही. पण या शाखेत एक दोष आहे आणि तो तिच्याच विद्वान शेजाऱ्यांनी दाखवला आहे. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन या दोन जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच इशारा दिला होता की प्रत्येक गुणाला मागाहून एक सोयीची गोष्ट जोडणे म्हणजे विज्ञान नव्हे. दुसरे असे की एखादी गोष्ट नैसर्गिक आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. देवी रोग नैसर्गिक होता, तो आपण लस टोचून संपवला. निसर्गाच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून आपण थांबलो नाही.

म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक साधी कसोटी ठरवली. कुणी "हा स्वभाव आहे" म्हटले की दोन प्रश्न विचारायचे. ही भावना कुठून आली? आणि ती कुणावर रोखायची, हे कुणी ठरवले? आमचा अनुभव असा की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा निसर्ग असते, पण दुसऱ्याचे उत्तर जवळपास नेहमी समाज असते. पाकीट निसर्गाने दिले, पत्ता समाजाने लिहिला. आता ही कसोटी लावून बघू.

पहिली भावना किळस. सडलेले अन्न, घाण, जखमेतला पू यांची किळस आपल्याला रोगापासून वाचवते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात एक प्रयोग केला. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले. रस पूर्ण सुरक्षित आहे हे माहीत असूनही लोक तो प्यायला तयार होईनात. म्हणजे किळस तर्क ऐकत नाही. स्पर्श झाला की बाटले, असे तिचे गणित असते. हे वाचताना आमच्या वर्गात शांतता पसरली. कारण हे गणित आपल्या आज्या-पणज्यांनी अंगावर सोसले आहे. त्यालाच विटाळ म्हणत.

मग विटाळ नैसर्गिक झाला का? मुळीच नाही. दुसरा प्रश्न विचारा. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, त्याने तळे बाटत नव्हते. माणूस प्यायला तर बाटले. मग सनातन्यांनी ते शुद्ध कसे केले? शेण, गोमूत्र, दूध, दही यांची १०८ मडकी तळ्यात बुडवून. विष्ठा आणि मूत्र ही तर किळसेची मूळ निशाणे. खरी नैसर्गिक किळस असती तर ती शेणाची यायला हवी होती, स्वच्छ ओंजळीची नाही. इथे किळसेचा पत्ता पुरता उलटा लिहिलेला आहे. फार लहान लेकराला ही किळस नसतेच, ते काहीही तोंडात घालते. कशाची शी करायची, हे आई-आजी शिकवतात. आणि जे शिकवता येते ते विसरायलाही लावता येते.

दुसरी सवय आडनाव विचारण्याची. आमच्यातल्या एकाने शहरात खोली बघितली. पसंत पडली, भाडे ठरले, अनामत रकमेवर बोलणे झाले. शेवटी घरमालकाने चहा देता देता विचारले, "आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी फोन आला की पुतण्या गावाहून येतोय, खोली देता येणार नाही. आपल्यातल्या कुणालाही ही गोष्ट नवी नाही. त्यातही "आडनाव काय", "गाव कोणते", "गावात कोणत्या बाजूला घर" ही पायरीपायरीने होणारी चौकशी आपण ओळखतो.

माणसाचा मेंदू समोरचा आपला की परका हे सतत तपासतो, हे खरे आहे. हेन्री ताजफेल या संशोधकाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली, एवढ्या फुटकळ निमित्ताने त्यांचे गट पाडले. मुलांनी लगेच आपल्या गटाला झुकते माप दिले. ताजफेल स्वतः पोलंडचे ज्यू होते, त्यांचे कुटुंब नाझींनी संपवले होते. म्हणून हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि रील्सवाले नेमके पुढचे सांगत नाहीत. २००१ मध्ये कर्झबान, टूबी आणि कॉस्मिडीस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत काळा-गोरा भेद मेंदू आपोआप टिपतो, असे तोवर समजले जाई. त्यांनी लोकांना दोन बास्केटबॉल संघांतल्या वादाची चित्रे आणि वाक्ये दाखवली. दोन्ही संघांत काळे-गोरे मिसळलेले होते. नंतर विचारले, कोण काय म्हणाले? संघांना वेगवेगळ्या रंगांचे शर्ट घातले, तेव्हा लोकांचे लक्ष शर्टावर गेले आणि कातडीच्या रंगावरून माणसे ओळखण्याची सवय ठळकपणे कमी झाली. त्यासाठी चार मिनिटेही लागली नाहीत. संशोधकांचा निष्कर्ष असा की मेंदूला वंशाशी देणेघेणे नाही. कोण कुणाच्या बाजूने उभे आहे, हे तो शोधत असतो. वंश हे त्याने पकडलेले एक चिन्ह आहे, आणि ते चिन्ह निरुपयोगी ठरले की तो ते सोडतो.

मित्रहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हजारो वर्षांची व्यवस्था चार मिनिटांत जाणार नाही, हे आम्हालाही कळते. पण आडनावाची चौकशी म्हणजे मेंदूतली बाजू शोधण्याची यंत्रणा आहे, जात शोधण्याची नाही. ज्या गावात पंगत, विहीर, शेतमजुरीची टोळी, लग्न आणि मतदान सगळे जातीवरच चालते, तिथे जात विचारली की बाजू कळते. म्हणून मेंदू जात विचारतो. ज्या युनियनमध्ये, ज्या खेळाच्या संघात, ज्या वसतिगृहात बाजू जातीने ठरत नाही, तिथे हा प्रश्न हळूहळू मरतो. जातिनिर्मूलन माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

तिसरा विषय लग्नाचा. इथे तर निसर्गाच्या नावाने सर्वात मोठे खोटे बोलले जाते. एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मांडले की लहानपणी एकत्र वाढलेल्या मुलामुलींना एकमेकांचे शारीरिक आकर्षण सहसा वाटत नाही. इस्रायलच्या किबुत्झमध्ये एकाच पाळणाघरात वाढलेल्या मुलांनी मोठेपणी आपसात लग्ने जवळपास केलीच नाहीत, असे पुढे दिसले. म्हणजे निसर्गाने भिंत घातली असेल तर ती घराच्या आत घातली आहे. बाहेर जा, असे तो सांगतो. जातीभोवतीची भिंत त्याच्या नकाशात नाही.

आता ९ मे १९१६ आठवा. कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे नेमके हेच होते. भारतीय समाजात गोत्राबाहेर लग्न करण्याची रीत मुळातली आहे आणि जातीतच लग्न करण्याचे बंधन तिच्यावर वरून लादलेले आहे. ते टिकवायचे तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळवावी लागते. नवरा मेला तर उरलेल्या बाईचे काय करायचे? तिला जाळा किंवा आजन्म वैधव्यात ठेवा. बायको मेली तर उरलेल्या पुरुषाचे काय? त्याला कोवळी मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही या हिशेबाची फळे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. जी गोष्ट टिकवायला बाया जाळाव्या लागतात, ती नैसर्गिक कशी?

जनुकशास्त्रानेही यात भर घातली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातल्या समूहांत मोठ्या प्रमाणात सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती आटली. म्हणजे आपले पूर्वज दोन हजारांहून अधिक वर्षे एकमेकांत मिसळत होते. दारे नंतर बंद झाली. बंद केली गेली.

आणि आता आपल्या घरात डोकवा. आपल्या वधू-वर मेळाव्यांचे फॉर्म बघा. बुद्ध-फुले-आंबेडकरांचे फोटो वर, आणि खाली रकाना पोटजातीचा. मुलगा सरकारी नोकरीतला हवा, मुलगी गोरी हवी. एका मावशींनी आम्हाला स्पष्ट सांगितले, "बाळा, चळवळ चळवळीच्या जागी. लग्न बघून करावं लागतं." मावशींचा राग येत नाही, त्यांना तीन मुली आहेत. पण "मुली पैसाच बघतात, हा निसर्ग आहे" म्हणणाऱ्या पोरांसाठी एक माहिती. डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजांतला अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार निवडताना स्त्रिया कमाईला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व देतात, असे त्यात दिसले. तेवढेच रीलमध्ये येते. पण १९९९ मध्ये अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी त्याच आकडेवारीची पुन्हा छाननी केली. जिथे स्त्री-पुरुष समता जास्त, तिथे हा फरक कमी, असे त्यांना आढळले. साधी गोष्ट आहे. जिच्या हातात स्वतःचा पगार नाही, ती नवऱ्याचा पगार बघणारच. तुम्ही तिची शाळा दहावीला बंद करणार आणि वरून तिला लोभी म्हणणार?

चौथी भावना मत्सर. तो जगात सगळीकडे आढळतो. मूल आपलेच आहे की नाही, ही शंका पुरुषाच्या संशयाच्या मुळाशी असावी, असे या शास्त्राचे म्हणणे आहे. असेल. पण बायकोच्या फोनचा पासवर्ड मागणे, ती कॉलेजला कुणाबरोबर गेली याची नोंद ठेवणे, माहेरी जायला परवानगी लावणे हे जीन्समध्ये लिहिलेले नाही. "प्रेम आहे म्हणून संशय येतो" हे वाक्य सिनेमाने शिकवले. राग सगळ्यांनाच येतो, पण पोलीस निरीक्षकासमोर तोच तापट नवरा किती शांत असतो! म्हणजे ताबा आहे. कुणासमोर सोडायचा, हेही त्याला ठाऊक आहे.

या मत्सराचे टोक म्हणजे प्रतिष्ठेच्या नावाने होणारे खून. नगर जिल्ह्यातले २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा आपण विसरलेलो नाही. अशा वेळी गावात कुजबुज असते की "रक्त खवळते, काय करणार". तर रक्ताचाच हिशेब करू. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये नात्यांचे गणित मांडले. आपल्या जनुकांचा निम्मा वाटा लेकरात असतो, सख्ख्या चुलत भावात एक अष्टमांश. त्याच्या तुलनेत जातभाईचा वाटा नगण्य. असे असताना जो बाप जातीसाठी स्वतःची मुलगी मारतो, तो रक्ताच्या विरुद्ध वागतो. काही अभ्यासक म्हणतील की तो प्रतिष्ठा वाचवतो आणि प्रतिष्ठा टोळीत महत्त्वाची असते. बरोबर. पण ही प्रतिष्ठा वाटते कोण? गाव वाटते, भावकी वाटते. ज्या दिवशी गाव अशा बापाच्या दारात पाणी प्यायचे बंद करील, त्या दिवशी हा हिशेब फिरेल. तेव्हा दोष रक्ताला देऊ नका.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्याचे घर तपासणे सोपे असते.

१४ एप्रिलच्या आधी चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. बाबासाहेब वर छोटे, खाली तीस कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले फोटो मोठे. कुणाचा फोटो कोणत्या ओळीत, यावरून मंडळे फुटलेली आम्ही पाहिली आहेत. मान मिळावा ही भूक जुनी आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण अभ्यासक सांगतात की माणसात मान मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक धाक दाखवण्याचा, जो माकडांतही आहे. दुसरा कौशल्याचा आणि उपयोगी पडण्याचा, ज्यात लोक आपणहून शिकायला जवळ येतात. हा दुसरा मार्ग खास माणसाचा मानला जातो. पोरांना स्पर्धा परीक्षेचे गणित फुकट शिकवणारा, जातीचे दाखले काढून देण्यासाठी तहसीलला खेटे घालणारा कार्यकर्ता फ्लेक्सवर नसतो. आपण टाळ्या कुणासाठी वाजवतो, यावर पुढची पोरे कोणता मार्ग धरतील ते ठरते.

रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला आणि काही वर्षांतच गट पडले. त्याची राजकीय कारणे आहेतच. सत्तेची आमिषे होती, फोडणारे हात होते. पण फोडणाऱ्याचे काम सोपे का होते? कारण लहान टोळी, एक म्होरक्या, आणि शेजारची टोळी सर्वात मोठी शत्रू, हा मनाचा जुना साचा आपल्यातही आहे. बाबासाहेबांना याची जाण होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्ध बजावले होते. ते भाषण आपण स्टेटसला ठेवतो आणि नेत्यावर कुणी प्रश्न विचारला की त्याला गद्दार ठरवतो.

अजून एक. बैठकीला बायका का नसतात? "लेकरं सांभाळणं बाईच्या रक्तातच असतं." सारा ब्लाफर हर्डी या अभ्यासक महिलेने आपल्या जवळच्याच अबूच्या डोंगरावर १९७० च्या दशकात वानरांचा अभ्यास केला. पुढे २००९ च्या ग्रंथात त्यांनी मांडले की माणसाचे मूल एकट्या आईने कधीच वाढवले नाही. आजी, मावशी, बाप, भावंडे, शेजारी असे अनेक हात लागले म्हणून आपली जात, म्हणजे मानवजात, टिकली. म्हणजे निसर्गाचाच दाखला हवा असेल, तर बापाने आणि शेजाऱ्यांनी मूल कडेवर घेणे जास्त नैसर्गिक आहे.

काही मित्र विचारतात, या शास्त्राला हात लावणे धोक्याचे नाही का? फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव दिले आणि पुढे त्या नावाखाली जगात काय झाले, हे आपण जाणतो. धोका आहेच. पण 'जातिप्रथेचे निर्मूलन' उघडून बघा. जात म्हणजे वंशशुद्धीची योजना, असे सांगणारे १९३६ मध्येही होते. बाबासाहेबांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी त्या काळचे विज्ञान हातात घेऊन तो दावा त्याच मैदानावर पाडला. आपल्यालाही हेच करायचे आहे. शास्त्र आपण सोडले, तर ते रील्सवाल्यांच्या हातात राहील.

मग करायचे काय? आमच्या वर्गाने चार गोष्टी सुरू केल्या आहेत. नव्या माणसाची ओळख पहिल्या नावाने आणि कामाने करून द्यायची, आडनाव विचारायचे नाही. ग्रुपवर कुणाचा मेसेज झोंबला तर रात्र जाऊ द्यायची, सकाळी उत्तर द्यायचे, कारण टोळीतल्या अपमानाला लगेच भिडावे लागे, व्हॉट्सअ‍ॅपला नाही. बैठकीच्या दिवशी लेकरे सांभाळण्याची पाळी पुरुषांनी लावायची. आणि वर्गातल्या कुणाच्याही बायोडेटावर पोटजातीचा रकाना ठेवायचा नाही. गोष्टी लहान आहेत. पण पाळी लावल्यापासून बैठकीत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली आहे. आणि परवा त्या बी.एस्सी.च्या मुलाने मांडीवर दुसऱ्याचे लेकरू झोपवून पूर्ण दोन तास चर्चा केली.

निसर्गाने आपल्याला आपल्या लेकराची, आपल्या भावाची माया दिली. ती फुकट मिळालेली आहे. तथागतांनी सांगितलेली मैत्री आणि बाबासाहेबांची बंधुता मात्र फुकट मिळत नाही. ती परक्या माणसावर पत्ता लिहून पाठवावी लागते, रोज, ठरवून. ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातला मोठा भाग म्हणजे कुणीतरी आपल्या आधी लिहून ठेवलेले पत्ते आहेत. ते खोडता येतात.

तेव्हा यापुढे घरात, वस्तीत, बैठकीत कुणी म्हणाले की "स्वभावाला औषध नाही", तर वाद घालत बसू नका. दोन प्रश्न विचारा. भावना कुठून आली? आणि ती कुणावर रोखायची, हे कुणी ठरवले?

जयभीम!